नऊ इंच, अधिक-उणे अर्धा

अमानवीय वगैरे गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. इथे लोक लिहितात ते अनुभव मी चहा पीत, खदाखदा हसत वाचतो... त्यामुळे तुम्ही माझ्यावर हसलात तर माझी तक्रार नाही. मला ओळखणारं कुणी वाचत असेल तर ते आत्ताच म्हणालं असेल, "आला थापाड्या!" असू दे. फक्त शेवटपर्यंत वाचा.

२००५-०६ च्या सुमाराची गोष्ट. आम्ही लालबाग सोडून मीरा रोडला राहायला आलो होतो, आणि मी एम.एस्सी. फिजिक्सच्या पहिल्या वर्षाला होतो. क्वांटम मेकॅनिक्स नावाचा पेपर होता. पुस्तक सात किलोचं! एकदा हातातून सटकलं तर खालच्या मजल्यावरची भाभी धावत वर आली, "भूकंप आया क्या?" आणि आत काय, तर इलेक्ट्रॉन म्हणे इथेही असतो, तिथेही असतो, शोधायला गेलं की कुठेतरी एके ठिकाणी सापडतो. अहो, असं आमच्या सोसायटीच्या वॉचमनबद्दल म्हटलं तर मला पटलं असतं. पहिल्याच परीक्षेत मी असा काही आपटलो की पुस्तकाचा आवाज त्यापुढे काहीच नव्हता.

मग कुणीतरी काशिनाथ सरांचं नाव सांगितलं. भाईंदर पूर्वेला, खारी गावात. सर आगरी. वडिलांचा जन्म मिठागरात गेला, आणि सर गावातले पहिले एम.एस्सी. कॉलेजातून रिटायर झालेले. चहूबाजूंनी सात-सात मजल्यांच्या बिल्डिंगी आणि मधोमध सरांचं बैठं घर. मागच्या खोलीत फळा. खोलीला वर स्लॅब, एक गजांची खिडकी, बाहेरच्या बोळात उघडणारं एकच दार, आणि दाराला आतून आडणा — म्हणजे भिंतीतून सरकवायचा लाकडी अडसर. भिंती जुन्या, नऊ इंची. खाऱ्या हवेने त्यांना मीठ फुटायचं. टेकलात तर शर्ट पांढरा.

सरांचा एकच कायदा होता. आकडा सांगितला की अधिक-उणे सांगायचं. मोजण्यात चूक असतेच, ती किती हे ज्याला सांगता येत नाही त्याने आकडा बोलू नये. माझ्यासारख्या माणसाला ही जन्मठेप!

"सर, बोळात शंभर कुत्री बसलीयत!"

"अधिक-उणे?"

"...उणे सत्त्याण्णव."

"म्हंजे तीन. बस खाली."

टनेलिंग शिकवलं तो दिवस मला लख्ख आठवतो. कणाकडे भिंत ओलांडायची ताकद नसते, तरी तो कधीमधी पलीकडे सापडतो. भिंतीला भोक पडत नाही, काही नाही. मी म्हणालो, "सर, ही तर माझ्यापेक्षा मोठी थाप झाली."

सर हसले. "आमच्या मिठागरात बांध कितीही चोपला तरी पलीकडची माती ओली व्हायची. ते झिरपणं, हे तसं न्हाय. पण मला तेव्हा तोच बांध आठवला व्हता. आता असं कर, ही भिंत घे, तू घे. तू पलीकडे जायची शक्यता काढ."

मी काढली. दशांशचिन्हानंतर इतकी शून्यं आली की लिहीत सुटलो असतो तर उत्तनचा समुद्र लागला असता, तरी पहिला आकडा आला नसता. मी वैतागून लिहिलं, 'उत्तर : शून्य.'

सरांनी ते खोडलं. "शून्य न्हाय. शून्याजवळ हाय. दोघांत फरक हाय, तुषार."

आता मूळ गोष्ट. परीक्षेला चार दिवस उरले होते, आणि सरांच्या पुतण्याचं लग्न निघालं. अख्खं गाव मैदानातल्या मांडवात. पन्नास स्पीकर! तिकडे तारोडीच्या किनाऱ्यावर मासे दचकले असतील. सर मात्र माझ्यासाठी घरी थांबले. "तू दोनला ये. तेवढं एक गणित संपवू, मग दोघं मांडवात जेवू." सरांना डायबिटीस होता. इन्सुलिन टोचलं की लगेच जेवायला लागायचं. मी दोनला फोन केला, "सर, निघालोच, पंधरा मिनिटांत पोचतो!" त्या भरवशावर त्यांनी इंजेक्शन घेतलं.

मी पोचलो साडेतीनला. रिक्षाच मिळाली नाही. सगळ्या रिक्षा लग्नाला!

दार आतून बंद. गाण्यांचा आवाज नको म्हणून सरांनी आडणा घातला असणार. हाका मारल्या, उत्तर नाही. खिडकीतून पाहिलं तर सर फळ्याखाली आडवे, घामाने भिजलेले, ओठ हलतायत, शब्द नाहीत. मी दारावर लाथा घातल्या, खांदे मारले. ते दार पाडायला हत्ती लागला असता. ओरडलो, पण त्या स्पीकरपुढे ऐकतं कोण? समोरच्या हार्डवेअरच्या दुकानातून जिग्नेशभाई तेवढे धावत आले.

"क्या हुआ?"

"सर गिरे हैं अंदर! दरवाजा अंदरसे बंद है!"

"रुक, सब्बल लाता हूं," म्हणत ते पहार आणायला दुकानाकडे पळाले.

मी एकटा उरलो. दोन्ही तळवे भिंतीवर, कपाळ भिंतीवर, आणि मी रडत होतो. टनेलिंग, शक्यता, काही डोक्यात नव्हतं. एवढंच होतं — माझ्यामुळे. माझ्यासाठी हा माणूस उपाशी थांबला.

मग थंडी वाजली. एकदम, आतून. तोंडात खारट चव आली, आणि कपाळाखाली भिंत नव्हती.

मी आत होतो. पाठीला फळा लागत होता, पायाशी सर. विचार करायला वेळ नव्हता. कपाटातला साखरेचा डबा काढला, पाण्यात साखर विरघळवली, सरांचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने थेंब-थेंब पाजत राहिलो. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला त्यांनी गिळलं. पुटपुटले, "कवरा उशीर..." बाहेर सब्बल दारावर आदळली, तेव्हा मी उठून आडणा सरकवला. जिग्नेशभाई सब्बल उगारलेलेच उभे.

"अरे... तू तो बाहर था ना?"

डॉक्टर आले, मांडवातून घरची माणसं आली, सर वाचले. पुढचा आठवडाभर सगळ्यांनी खिडकीचे गज हलवून पाहिले, स्लॅब पाहिला, दार पाहिलं. शेवटी ठरलं की आडणा नीट बसलाच नसेल आणि हा थापाड्या रंगवून सांगतोय. जिग्नेशभाईसुद्धा म्हणायला लागले, "मेरेको क्या मालूम, मैं तो सब्बल ढूंढ रहा था."

सरांनी मात्र बरं वाटल्यावर मला समोर बसवलं.

"आत कसा आलास?"

"भिंतीतून, सर."

"भिंत किती?"

"नऊ इंच."

"अधिक-उणे?"

"सर, मी काय सांगतोय..."

"अधिक-उणे किती, इचारतो."

"अर्धा इंच."

ते हसले नाहीत. "मी बघितलं न्हाय. म्हणून हो म्हणनार न्हाय, आनि न्हाय बी म्हणनार न्हाय. पण आडणा मीच घातला व्हता. खाचेत बसल्याचा आवाज ऐकला व्हता. तेवढं मला म्हाईत हाय."

त्यानंतर त्या दाराला आडणा लागला नाही. सर तो लाकडी दांडा फळ्यावर आकडे दाखवायला वापरायचे. आणि त्या दिवशी माझ्या खांद्यावर होती त्या सॅकमध्ये, झाकणबंद असलेल्या कॅल्क्युलेटरच्या बटणांखाली मीठ सापडलं. माझ्याकडे आहे तो अजून. सातचं बटण करकरतं. पेपरात मला नव्वद मिळाले.

सर आता नाहीत. म्हातारे होऊन, भरल्या घरात गेले. त्या बैठ्या घराच्या जागी टॉवर आहे. मी कित्येक भिंतींवर तळवे टेकून पाहिलेत, काही होत नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शिकवायचं ते सरांनी शिकवलं, त्यात हे बसत नाही.

पण सरांचा कायदा मला लागू आहे, म्हणून वरचे आकडे दुरुस्त करतो. पुस्तक दीड किलोचं, अधिक-उणे पाव. स्पीकर सहा. मार्क त्रेचाळीस. आणि रिक्षा... रिक्षा समोर उभी होती. मी नाक्यावर चहा पीत, आमच्या तिसऱ्या मजल्यावर बिबट्या कसा चढला ते रंगवून सांगत होतो. ऐकणारे दहा-बारा जण. बिबट्या नव्हता, मांजर होती. दीड तास. हे मी सरांना कधीच सांगितलं नाही.

भिंत नऊ इंच, अधिक-उणे अर्धा. मी बाहेर होतो, मग आत होतो. यात अधिक-उणे काही नाही.