यॉर्कची फाशी आणि आमचा जिना

इस्रायलमधल्या डिमोना गावच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे तेव्हा माझ्या तासाची एकच गोष्ट मुलांना आवडे, ती म्हणजे यॉर्क शहरातली फाशी. व्याकरण त्यांच्या खिजगणतीत नव्हतं. उच्चार सुधारा म्हटलं की ती खिडकीबाहेरच्या वाळूकडे बघत बसायची. पण फाशी म्हटलं की शेवटच्या बाकावरचे पाय खाली यायचे.

हे यॉर्क मी ठाण्याहून येताना ट्रंकेत घालून आणलं होतं. इंग्लंडच्या जुन्या शहरांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं, वडिलांनी कधीतरी रद्दीवाल्याकडून घेतलेलं. सामानाचं वजन जास्त झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या की ह्यापेक्षा पोहे न्यावेत. शेवटी दोन्ही आणलं आणि पितळेची परात मागे राहिली. त्या परातीबद्दल मी पुढे कित्येक वर्षं ऐकून घेतलं.

यॉर्क म्हटलं की आम्हा ज्यू माणसांना आधी तिथल्या बुरुजातली आमचीच जुनी कत्तल आठवते. ती मी वर्गात काढत नसे, इथल्या मुलांना तसल्या गोष्टींची काही कमतरता नव्हती. मी सांगायची ती साधी गुन्हेगारांची गोष्ट. कुणी मेंढी चोरलेली, कुणी खोटी नाणी पाडलेली, कुणी रस्त्यात घोडेस्वारांना लुटलेलं. त्यांना किल्ल्याच्या तुरुंगातून गाडीत बसवायचे आणि शहरातून मिरवत वेशीबाहेरच्या माळावर न्यायचे. वाटेवरच्या घरांच्या खिडक्या त्या दिवसापुरत्या भाड्याने जात. पाव-केक विकणारे फिरत. माणूस जिवंत असतानाच त्याचे शेवटचे शब्द छापून विकायला आलेले असत. पुढे शहरातल्या मोठ्या लोकांनी फाशीची जागा बदलली, पण ती दया येऊन नव्हे. गावात शिरणाऱ्या पाहुण्यांना ते पहिल्याप्रथम दिसतं, हे बरं नाही म्हणून. ह्यावर वर्ग हमखास हसायचा.

त्या हिवाळ्यात मात्र वर्ग हसला नाही. योम किप्पूरच्या उपासाच्या दिवशी पेटलेलं युद्ध कागदोपत्री संपलं होतं, पण पुरुष घरी आले नव्हते. राखीव सैनिकांच्या नोकरीला इथे मिलुइम म्हणतात. माझा नवरा मिलुइमवर सुएझ कालव्यापलीकडे होता. वर्गातल्या निम्म्या मुलांचे भाऊ नाहीतर बाप तिकडेच कुठेतरी होते. तोफा अधूनमधून चालूच होत्या.

मी खिडक्यांच्या भाड्यापर्यंत आले तेव्हा पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं की ज्यांना बघायचं नसेल ते लोक काय करायचे. मी म्हटलं, पुस्तकात दिलेलं नाही, खिडकी लावून घेत असतील. ती हिब्रूत म्हणाली, खिडकी लावली तरी आवाज येतोच. महिन्यापूर्वी तिच्या जिन्यात लष्कराची माणसं येऊन गेली होती. तिच्या घरी नव्हे, शेजारी. मी पुस्तक मिटलं आणि मुलांना लवकर सोडून दिलं.

ती माणसं कशी येत हे सांगायला हवं. कुणाच्या घरचा सैनिक गेला की तार किंवा फोन येत नसे. गावच्या लष्करी कचेरीतून मोटार यायची, त्यातून दोघं-तिघं उतरायची. एक अधिकारी, बरोबर डॉक्टर, क्वचित एखादी बाई. ती मोटार आमच्या वस्तीत वळली की सगळ्या गच्च्या भरायच्या. बायका हातातलं काम टाकून बाहेर येत आणि मोटार कुठे थांबते, माणसं कुठल्या जिन्यात शिरतात ते बघत. मीही बघायची. ती दुसऱ्या जिन्यात शिरली की छातीवरचं ओझं उतरायचं, आणि लगेच स्वतःचा इतका राग यायचा की हातातली उलथणी आपटावीशी वाटायची. आमच्या खिडक्यांना भाडं पडत नव्हतं, एवढाच यॉर्कशी फरक.

सासूबाईंनी ह्या सगळ्यावर आपल्या परीने इलाज केला होता. त्यांनी एलियाहू हनाबीला, म्हणजे एलिया प्रेषिताला, मलिद्याचा नवस बोलला होता. आम्हा बेने इस्रायलांचा, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचा, हा ठेवणीतला नवस. पोहे भिजवून त्यात खोबरं, साखर, वेलची घालायची, वर फळं मांडायची आणि ताट मध्ये ठेवून म्हाताऱ्या मंडळींनी प्रार्थना म्हणायची. मुलगा सुखरूप घरी आला की मलिदा करीन, असं त्या बोलल्या होत्या. सरळ साधा व्यवहार, आधी मुलगा, मग मलिदा.

मग नवऱ्याचं लष्करी पोस्टकार्ड आलं की पुढच्या आठवड्यात रजा मिळेल. सासूबाईंनी त्याच संध्याकाळी पोह्यांचा डबा काढला. मी म्हटलं, "आई, त्यांना येऊ तर द्या आधी." त्या म्हणाल्या, "लिहिलंय ना येतो म्हणून? मग झालं. नबीला ताटकळत ठेवू नये." मला ते मुळीच पटलं नाही. मी शिकलेली, असल्या गोष्टी मानत नाही असं चारचौघांत सांगणारी, पण नवस फळायच्या आधी फेडायचा म्हणजे काय, ह्या विचाराने माझी झोप उडाली. पावती आधी आणि माल नंतर, असं कुठे असतं का? भांडणही करता येईना. भांडावं तर आपणच वाईट बोलल्यासारखं होईल.

खोबरं किसायला वरच्या मजल्यावरच्या मावशी आल्या. त्यांचं आणि आमचं नातं काहीच नव्हतं, फक्त दोघांचे पूर्वज कोकणातल्या एकाच गावचे, म्हणून आडनाव एक. टपालवाला ह्या एकाच कारणावरून आम्हा दोन्ही घरांना कंटाळला होता. आमची पत्रं वर जात, त्यांची आमच्याकडे येत. मावशी विधवा होत्या आणि त्यांना हिब्रू मुळीच येत नव्हतं. दुकानात, दवाखान्यात, बँकेत त्यांचा एकुलता मुलगा त्यांची जीभ होता. त्या मराठीत विचारायच्या, तो हिब्रूत उत्तर द्यायचा. त्याला मराठी सगळं कळायचं, पण लाजायचा की काय, तोंडातून शब्द काढायचा नाही. मावशी तक्रार करायच्या की मी ह्याला जन्म दिला आणि हा माझ्याशी परक्यासारखा बोलतो. मग स्वतःच हसायच्या. आता तोही सैन्यात होता. तो गेल्यापासून मावशींचे कागद मी वाचून द्यायची आणि बाजारात त्यांच्याबरोबर मीच जायची.

गुरुवारी दुपारी म्हातारी मंडळी जमली. तरुण पुरुष एकही नव्हता, सगळे टोप्या सावरत धापा टाकत जिना चढून आलेले आजोबा. ताट मांडलं, अगरबत्ती लावली, प्रार्थना सुरू झाली. मावशी स्वयंपाकघरात चहाचं बघत होत्या. दार रिवाजाप्रमाणे उघडंच ठेवलं होतं. मी खिडकीपाशी उभी होते आणि मोटार वळताना मीच पहिल्यांदा पाहिली.

ती आमच्या जिन्यापुढे थांबली. दोन पुरुष उतरले, एकाच्या हातात डॉक्टरची बॅग. समोरच्या गच्च्यांवर माणसं गोळा व्हायला लागली. मी स्वतःला सांगत होते की आमच्या जिन्यात इतरही घरं आहेत, आणि पावलं वर येताना ऐकत होते. ती आमच्या मजल्यावर थांबली.

अधिकाऱ्याने उघड्या दारात उभं राहून आडनाव उच्चारलं आणि विचारलं, हेच का घर. सासूबाईंनी मान हलवली. मग त्यांनी जे केलं ते जगात दुसरं कुणी केलं नसतं. त्यांनी त्या दोघांना बोलूच दिलं नाही. तोंडावर बोट ठेवलं, ताटाकडे दाखवलं, हाताला धरून दोघांना आत बसवलं आणि आजोबांना मराठीत बजावलं, "थांबू नका. अर्ध्यावर सोडायचं नाय." आजोबांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पुढे म्हणायला लागले. अधिकाऱ्याने हातातली टोपी प्रार्थनेसाठी परत डोक्यावर घातली. प्रार्थना चालली आहे एवढं त्याला कळत होतं, आणि ती मोडायचं त्याच्याच्याने होईना. त्याच्या कपाळावर घाम आला होता, थंडी असूनही.

ती प्रार्थना किती चालली ते मला सांगता येणार नाही. मावशी बाहेर आल्या, त्यांनी त्या दोघांना पाहिलं, मला पाहिलं, आणि सरळ येऊन माझा हात हातात घेतला. त्यांच्या बोटांना वेलचीचा वास होता. "मी हाय गो," त्या म्हणाल्या. "मी हाय ना." खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. समोरच्या गच्च्यांवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. ती नजर मला चांगली ओळखीची होती, इतके दिवस ती माझीच होती. यॉर्कच्या त्या गाडीत बसलेल्या माणसाला काय दिसत असेल हे मला पुस्तकातून कधी समजलं नव्हतं. त्याला खिडक्या दिसत असणार, आणि प्रत्येक खिडकीत आपण तिथे नाही ह्याचं समाधान.

आणि मी रागावले होते. मरणाची रागावले होते, नवऱ्यावर नव्हे, सासूबाईंवर. आधी फेडला ना नवस, घ्या आता, असं मला ओरडायचं होतं. त्यांच्याकडे पाहिलं तर त्या डोळे मिटून, दोन्ही हातांनी ताट धरून बसल्या होत्या. त्यांना माझ्या आधीच कळलं होतं की आपण काय करून बसलो.

प्रार्थना संपली. कुणी मलिदा वाटेना. अधिकारी उठला, माझ्यासमोर आला आणि हळू आवाजात हिब्रूत विचारलं की सैनिकाची आई कोण. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, मी बायको.

तो गोंधळला. त्याने डॉक्टरकडे पाहिलं. मग म्हणाला, "बायको? त्याचं लग्न झालेलं नव्हतं. एकोणीस वर्षांचा मुलगा आहे."

माझ्या नवऱ्याने तेव्हा चाळिशी गाठली होती. मला आधी फक्त एवढंच कळलं. हसू फुटेल की काय अशी भीती वाटावी इतका आनंद झाला, मी भिंतीला टेकले. मावशींनी मला धरलं. माझ्या चेहऱ्यावरचा फरक त्यांना दिसला होता.

"काय बोलतात?" त्यांनी विचारलं. "जिता हाय ना तो?"

"जिता आहे," मी म्हटलं.

"मी बोलत नव्हते? नबी असा कसा सोडेल?" त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि डोळ्याला पदर लावला. खरोखर माझ्यासाठी रडल्या त्या. सासूबाई ताटावर वाकून हुंदके देत होत्या. आणि मी त्यांचं ते रडणं ऐकत असताना एकोणीस हा आकडा माझ्या डोक्यात दुसऱ्यांदा उमटला. त्याच आडनावाचं, त्याच जिन्यातलं दुसरं घर.

अधिकारी विचारत होता की मग ते कुटुंब कुठे राहतं. मी मावशींकडे बघत राहिले. तो माझ्या नजरेच्या दिशेने वळला आणि त्याला कळलं. त्याने मावशींशी हिब्रूत बोलायला सुरुवात केली. मावशी त्याच्याकडे पाहून हसल्या, मान हलवली आणि सवयीने माझ्याकडे वळल्या, दुकानात वळायच्या तशा. तो थांबला. मला म्हणाला, "त्यांना समजत नाही. तुम्ही सांगा."

ह्या माणसाच्या थोबाडीत मारावी असं मला वाटलं. तू आलास ना हे काम घेऊन, मग तू कर. पण त्याला मराठी येत नव्हतं, आणि खोलीतले सगळे आजोबा एकदम जमिनीकडे बघायला लागले होते.

"मग हे कोणाकडे आले गो?" मावशींनी विचारलं आणि खिडकीबाहेर मान वळवून त्या समोरचे जिने बघायला लागल्या. नेहमी आम्ही सगळ्याच बघायचो तशा, कुणाचं घर असेल म्हणून.

समोरच्या गच्च्यांवरून अजून कुणी हललं नव्हतं. मी जाऊन आधी खिडकी लावली, कडीसुद्धा घातली. आवाज तरीही बाहेर जाणार होता. मग परत येऊन मावशींना खाली बसवलं, त्यांचे दोन्ही हात धरले, आणि ज्या भाषेत त्यांचा मुलगा त्यांच्याशी कधीच बोलला नव्हता, त्या मराठीत त्यांना त्याचं सांगितलं.