दारावर टांगलेला मुखवटा

बस, हे पत्र नीट वाच जरा. फोनवर नुसतं ‘बरं आत्या, ठेवू का आत्या’ करतोस, म्हणून लिहायला बसले. काँगोतनं शांतिसेनेची ड्यूटी करून आलास, तिथला लाकडी मुखवटा माझ्या हातात दिलास, ‘बालवाडीला शोभेल’ म्हणालास आणि पलटणीत निघून गेलास. तो कुणी कोरला, कशासाठी, एक अक्षर सांगितलं नाहीस. अशी वस्तू अशी देतात होय रे?

आता काय झालं ते ऐक. माधवनगरच्या आपल्या बालवाडीत जूनपासून चार वर्षांची एक पोर येते. आई टांझानियाची, सांगलीत नर्सिंग शिकते. दोन महिने पोर कुणाशी बोलली नाही. मुलं तिच्या केसांना हात लावून बघायची, ती अंग चोरायची. मला वाटलं, तिच्याकडचं काही मुलांना दाखवावं, म्हणजे मोकळी होईल. मी सातवी शिकलेली, पण नकाशा वाचता येतो. मुलांना आफ्रिका दाखवली, तुझा मुखवटा हातात दिला. मिटलेले डोळे, लांब नाक, गालावरच्या रेघा, सगळं बोटानं चाचपायला लावलं. मग पुठ्ठ्याचे मुखवटे केले. पोरं लय रमली.

इथवर ठीक. पण खोली नुकतीच रंगवलेली, आणि माझी जुनी खोड. मी तो मुखवटा दारावर टांगला आणि खाली लिंबू-मिरची बांधली. आपल्याकडं नव्या बांधकामाला काळं तोंड टांगतातच की. हात आपोआप गेला बघ.

सकाळी पोर आईचं बोट धरून दारात आली. आतनं एक मुलगी म्हणाली, “बाई, हे भूत हिच्या गावचं हाय का वं?” सगळी हसली. एवढं मराठी पोरीला आता कळतं. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. आईनं लिंबाकडं बघितलं.

“ये किसलिए?”

“नजर न लगे, इसलिए,” मी म्हणाले.

“किसकी नजर?”

ती पोरीला घेऊन परत गेली.

तीन दिवस पोर आली नाही. आमची मदतनीस म्हणाली, “आवं बाई, पोरं इसरत्यात. तुमी कशाला जीव जाळताय?” पण हसलेली पोरं विसरतात रे, जिला हसतात ती विसरत नाही. दार वाजलं की वाटायचं, पोरीची आई नाव काढायला आली.

चौथ्या दिवशी मीच त्यांच्या खोलीवर गेले. मोडक्या हिंदीत चूक कबूल केली. पोरीच्या आईनं चहा केला आणि शांतपणे सांगितलं, “वो मास्क हमारा नहीं है. काँगो अलग, हम अलग.” बघ, एवढा मोठा मुलूख, आणि मी त्याचं एकच तोंड करून टाकलं होतं. मग तिनं पेटीतनं आपली कांगा काढली. रंगीत सुती कापड, मधे नक्षी आणि खाली एक ओळ छापलेली. तोंडावर बोलता येत नाही ते बायका म्हणे कापडावरनं बोलतात.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला आणि कांगा घेऊन वर्गात आली. मुलं भोवती बसली, पोरीनं एक टोक धरून ठेवलं. बोलली नाही, पण बालवाडी सुटेपर्यंत थांबली. काल आली. आज आलेली नाही. ताप असेल, कॉलेजला सुट्टी असेल, मी मनाला सांगतेय, पण डोळे दाराकडंच आहेत.

मुखवटा मी उतरवून साडीत गुंडाळलाय. कांगा दाखवून जाताना पोरीच्या आईनं विचारलं होतं, तो कुणी राजीखुशीनं विकला, की कुठल्या पूजेतनं आला? भाचा सांगेल, असं मी बोलून बसलेय. तेव्हा रजा टाक बाबा. दर रजेत साताऱ्याला मित्रांकडं पळतोस, तिकडं मागनं जा, आधी इकडं ये. तिच्यापुढं आणि मुलांपुढं बसून काय माहीत आहे ते सांग, माहीत नसेल तर तसं सांग. पण लवकर ये.