अठरा हजार मीटरचा कोर्स

कापलेले धागे संध्याकाळी झाडून कोपऱ्यात सारावेत आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा पायाशी जमावेत, तसे आमच्या गल्लीतले किस्से. गुजराती मुलखातल्या आमच्या लिंबायतमध्ये दर शुक्रवारी दुपारी व्रताची कथा वाचून, गूळ-चणे वाटून झाले की आम्ही पाच-सहा जणी साड्यांचे गठ्ठे पुढ्यात घेऊन धागे कापायला बसायचो. हात गुंतलेले, तोंडं मोकळी! चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर दोन वर्षांनी मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, माझ्या मनीषाचा कोर्स.

*

मनीषा बारावी झाली आणि एक फॉर्म घेऊन आली. दातांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं शिक्षण. दोन वर्षं, फी अठरा हजार, चार हप्त्यांत.

तिचे अप्पा लूमवर कामाला. मजुरी मीटरमागे रुपया, त्यामुळे त्यांना कुठलीही रक्कम मीटरमध्येच कळते. त्यांनी खडूने भिंतीवर १८००० लिहिलं आणि मागे सरून बघत राहिले.

"अठरा किलोमीटर कापड! भेस्तान ओलांडून पार सचिन गावापर्यंत जाईल!"

"जाऊ द्या ना, अप्पा," मनीषा म्हणाली. "नोकरी लागली की गुंडाळत गुंडाळत परत आणू!"

अप्पा हसले नाहीत. पण आकडा पुसलाही नाही.

*

सिंधूमावशी आमच्यात सगळ्यात मोठ्या आणि व्रताला सगळ्यात कडक. त्यांचं मत सरळ होतं. "पोरगी इथं धागे कापायला बसली तर घरात पैसा येईल. तिकडं गेली तर घरातला जाईल. यात विचार कसला करता?"

खोटं नव्हतं ते. मग मनीषा जवळच्या दातांच्या दवाखान्यात जाऊन विचारून आली. कोर्स न केलेल्या मुलीला महिना नऊशे, केलेलीला पंधराशे.

"म्हणजे सहाशेचा फरक, आई. तीस महिन्यांत फी वसूल!"

मी बोटांवर मोजलं. एकशे तीस शुक्रवार होत होते!

"अगं," मी म्हटलं, "देवीने तुला सोळा शुक्रवारांत माझ्या पदरात घातलं होतं!"

*

पुढच्याच शुक्रवारी प्रसादाच्या चण्याने सिंधूमावशींची दाढ मोडली. प्रसादच तो, तक्रार कुणाकडे करणार? मनीषा आणि मी त्यांना त्याच दवाखान्यात घेऊन गेलो.

डॉक्टरांनी दाढ काढायच्या आधी चूळ भरायला गुलाबी औषध दिलं. मावशींनी तोंड घट्ट मिटलं. शुक्रवारी आंबट चालत नाही ना!

"आंबट शे का वं, माय? पहिले तू चाख, मंग मी चूळ भरसू."

मनीषाने थेंबभर औषध जिभेवर ठेवलं. "आंबट नाही, मावशी. पुदिन्यासारखं आहे." तेव्हा कुठे तोंड उघडलं!

डॉक्टर गुजराती, त्यांना हसू आवरेना. "आवुं तो कोर्समां पण नथी शिखवता!"

मावशींनी लगेच संधी साधली. "मग हिला बिनकोर्सचीच ठेवा ना! पण पगार पंधराशे!"

डॉक्टरांनी हसत हसत मान हलवली. "ना मासी. कोर्स विना नवसोज, नऊशेच."

दाढ निघाली, कापूस कोंबला, रिक्षा लिंबायतला पोचली. उतरताना त्या गालाला हात लावत मनीषाला म्हणाल्या,

"फॉर्म भर."

*

पहिल्या हप्त्याला अप्पांनी दिवाळीच्या बोनसमधले जपून ठेवलेले पैसे काढले. तरी दोन हजार कमी पडत होते. माझ्या डब्यात बरोबर तेवढे होते, पण ते उद्यापनाच्या जेवणाचे. दोन दिवस मी देवीच्या फोटोकडे बघायचं टाळलं. शेवटी सिंधूमावशींना विचारलं.

"खीर-पुरी पुढच्या साली कर," त्या म्हणाल्या. "देवी कुठं पळून चालली? यंदा गूळ-चणेच वाट." मग बोट उगारून म्हणाल्या, "पण चणे भिजवून आण!"

*

कोर्स सुरू झाला आणि आमच्या मागे साडेसाती लागली! मनीषा आरसा-बॅटरी घेऊन एकेकीचे दात बघायची, वहीत लिहायची. आमच्या खानदेशी बायकांची मिश्री काही सुटत नाही, दात काळे ठिक्कर.

"मावशी, मिश्री बंद करा, हिरड्या जातील."

सगळ्या जणी माना डोलवायच्या. महिनाभराने फरक दिसला. आधी मिश्री ओट्यावर बसून लावायच्या, आता भिंतीकडे तोंड करून!

*

दोन वर्षं सरली. मनीषाला त्याच डॉक्टरांकडे नोकरी लागली. पहिला पगार तिने देवीपुढे ठेवला, पंधराशे. मी हळद-कुंकू वाहिलं, घंटा वाजवली. आवाज ऐकून सिंधूमावशीही आल्या.

अप्पा कारखान्यातून आले, हात धुतले, पैसे मोजले आणि पुन्हा देवीपुढे ठेवले. मग कोनाड्यातून खडू काढला आणि भिंतीपाशी गेले. दोन दिवाळ्यांत घराला चुना लावला होता, तेवढा चौकोन सोडून.

त्यांनी १८००० पुसलं आणि १७४०० लिहिलं.

"अहो, पंधराशे आणलेत पोरीने!" मी म्हटलं.

"नऊशे तिला कुठंही मिळाले असते." त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि मनीषाकडे वळून पहिल्यांदा हसले.

"चल बेटा, सचिनहून निघालो!"