बाबांची झांज आणि माझा प्रोग्रॅम

संपात गिरणी बंद पडली ती पडलीच. बाबा रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीत कामाला लागले. तिथं त्यांना कुणी विचारत नसे. पण संध्याकाळी आमच्या लालबागच्या चाळीतल्या भजनी मंडळात झांज हातात घेतली की ते पुन्हा पूर्वीचे व्हायचे. गजराला लय चढली की बुवा गाता गाता त्यांच्याकडे बघून हसायचे.

मी तेव्हा इंजिनीअरिंगच्या पुढचं शिकत होते. विमानाच्या पंखाच्या धातूवर पुन्हा पुन्हा भार पडला की त्यातला तडा कसा वाढत जातो, याचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम लिहिणं हे माझं काम. एक ठोका द्यायचा, तडा किंचित वाढवायचा, वाढलेल्या तड्यावर पुढचा ठोका द्यायचा, असं तुकडा पडेपर्यंत. याला धातूचा थकवा म्हणतात, असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "लोखंडाक थकवा येता? आमका गिरणीत कोणी सांगूक नाय ता."

एका रविवारी झांज पुसताना त्यांना काठाला तडा दिसला. काशाची झांज, आजोबांनी गावाहून आणलेली. त्यात डबल बारी तोंडावर आलेली, म्हणजे दोन भजनी मंडळांचा समोरासमोर सामना, आणि समोर वरळीच्या बीडीडी चाळीचं मंडळ. बाबांचा चेहरा उतरला. मला मात्र आयताच विषय सापडला. तडा मोजला, प्रोग्रॅममध्ये विमानाच्या पंखाच्या जागी झांज घातली आणि घरी येऊन ऐटीत व्याख्यान दिलं: जोराचा प्रत्येक ठोका तडा वाढवतो, अगदी हलका ठोका असेल तर तडा जागचा हलत नाही.

बाबांनी त्यातलं शेवटचं तेवढं उचललं.

"हळू वाजवलंय तर फुटाची नाय ना?"

"नाही फुटणार."

झालं. तालमीत ते झोपलेल्या बाळाशेजारी भांडी लावावीत तसे वाजवायला लागले. बुवांनी भजन थांबवून विचारलं, "तुका ताप इलो काय रे?" बाबा घरी येऊन खुशीत मला सांगायचे, "आज तडो वाढूक नाय." माझं गणित बरोबर होतं आणि मला रडू येत होतं. झांज वाचत होती, पण वाजवणारा माणूस आमच्या डोळ्यांदेखत विझत चालला होता.

शेवटी आईच करवादली. "संपापासून ह्या घरात सगळा राखून राखून वापरला. आता आवाजपण राखून ठेवतल्यात?"

बारीच्या दिवशी सदरा चढवताना बाबांनी मला गाठलं.

"खरा सांग. जोरात वाजवलंय तर किती टिकतली?"

"आजची बारी निघेल. उद्याचं सांगता येत नाही."

"आजची निघतली?"

"निघेल."

म्हटलं खरं, पण काशाचे आकडे मला कुठे मिळाले नव्हते, निम्मे मी अंदाजानेच भरले होते.

त्या संध्याकाळी बाबांनी जी झांज वाजवली, तशी मी आधी ऐकली नव्हती आणि नंतरही नाही. वरळीची मंडळीसुद्धा माना डोलवू लागली. शेवटच्या गजरात ठणकन आवाज झाला आणि एक तुकडा पखवाजवाल्याच्या मांडीवर जाऊन पडला. बाबा थांबले नाहीत. उरलेला गजर त्यांनी टाळ्यांवर ओढून नेला. लोकांना वाटलं, असंच बसवलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी तो तुकडा माझ्यापुढे ठेवला. मी भिंग लावून तुटलेली कड बघितली. काठाजवळ काळपट, त्यावर एकाला एक चिकटून बारीक वळ्या. त्यापुढची सगळी कड लख्ख, खरखरीत.

"हे काळं जुनं आहे," मी म्हटलं. "तडा हळूहळू वाढला तेव्हाचं."

"आणि ह्या चकचकीत?"

"ते कालचं."

बाबांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"एवढा सगळा कालचा?"

"हो."

त्यांनी चहा तसाच ठेवला, तुकडा खिडकीतल्या उन्हात धरला आणि मोरीशी असलेल्या आईला हाक मारली, "गो, हय ये. कालचो गजर बघ."