सुटणारी गाठ

मारुंजीत मी भाड्यानं राहायचो, तेव्हा आमच्या घरमालक काकांची एक सवय होती. तांदळाचं पोतं बांधलं, की लगेच दोरीचं टोक ओढून गाठ सोडून बघायची आणि मगच पुन्हा बांधायची. समोरच्याचं वाक्य ते कधी पुरं होऊ द्यायचे नाहीत. टीव्हीला जोडायचा त्यांचा जुना होम कॉम्प्युटर भंगारात द्या म्हणणाऱ्याला तर चहासुद्धा मिळत नसे.

एका पावसाळ्यात त्यांच्या फ्लॉपींना बुरशी लागली. त्यातले गेम आणि पोरांनी काढलेली चित्रं वाचवायची, तर फायली दाबून एकत्र बांधणारं सॉफ्टवेअर हवं होतं. मी सगळ्यात नवं निवडलं. माझ्या लॅपटॉपवर ढीगभर फ्लॉपींचा ऐवज दोन फ्लॉपींत मावला, म्हणून मी खूश होतो.

"आता सोडून दावा," काका म्हणाले. "हितं न्हाई. माझ्या मशिनीवर."

त्या मशीनची मेमरी अपुरी पडली आणि पडदा तसाच थिजला.

"ह्ये न्हाई चालायचं. त्याला सोडता येतंय तेच जुनं लावा."

"पण काका, त्यात फ्लॉपी तिप्पट लागतील."

"लागू द्या."

मला जरा झोंबलंच. "हवं तेव्हा मी माझ्या लॅपटॉपवर सोडून देत जाईन की. तुम्ही फक्त..."

"साहेब, तुमी भाडेकरू. आज हाय, उद्या न्हाई. माझ्या पोत्याच्या दोरीचं टोक तुमच्या हातात देऊन ठिवू व्हय?"