केनियाची परवानगी आणि माझा पांढरा सदरा

आमच्या घरात आणि नवी पेठेत गेले काही महिने एक कथा फिरते आहे. केनियाच्या सरकारने फोटोवरून माझा अर्ज परत पाठवला आणि अखेर बायकोची शाल पांघरून मी परदेशी गेलो, अशी ती कथा. तिच्यात देशाचे नाव तेवढे बरोबर आहे. बाकीचे मी इथे दुरुस्त करून ठेवतो.

आमची धाकटी लेक नैरोबीला असते. जावई तिथे नोकरीला आहेत. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे हा आमच्याकडचा रिवाज, पण डॉक्टरांनी तिला विमानप्रवासाची मनाई केली. तेव्हा लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने लेकीकडे जावे, असा निर्णय झाला. तो आपण घेतला, असे माझी पत्नी सांगते. मी तो तिच्या आधीच मनाशी घेऊन टाकला होता, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही.

तिकडे जायचे तर आधी घरबसल्या इंटरनेटवरून प्रवासाची परवानगी मिळवावी लागते. पासपोर्टचे पान, तिकीट, जावयाचे पत्र आणि फोटो पाठवायचा. ते पाहून सरकार होकार किंवा नकार कळवते. अर्ज भरायला सून बसली. फोटोत मागे साधा पांढरा पडदा हवा, असे तिने वाचून दाखवले तेव्हा मी हसलो. ज्याचे उभे आयुष्य कापडदुकानाच्या गादीवर गेले, त्याला पांढरे म्हणजे काय हे कोणी शिकवावे? कपाटातून मी माझे उत्तम प्रतीचे धोतर काढले, किनार आत दुमडली आणि ते भिंतीवर असे ताणून बसवले की सुरकुती शोधूनही सापडू नये.

पत्नी आधी उभी राहिली. हिरवे इरकल, लाल काठ, ठसठशीत कुंकू. मग मी. माझा पोशाख सारी पेठ जाणते: पांढरा सदरा, पांढरी टोपी. कापडवाल्याने अंगावर रंग घालू नये, हा माझ्या वडिलांचा दंडक होता. गिऱ्हाइकाची नजर ताग्यावर राहिली पाहिजे, विकणाऱ्याच्या सदऱ्यावर जाता कामा नये. दुकान मुलाच्या हाती दिले, तरी दंडक मी सोडलेला नाही. टोपी नियमात बसत नव्हती, ती मी काढली. फार विनवण्या कराव्या लागल्या, असे सून सांगते. तिने एकदाच सांगितले होते. आता टोपीखालचे केस पांढरे, मिशा पांढऱ्या आणि कपाळावर विभूती, याला मी काय करणार?

पत्नीची परवानगी आली. माझ्या अर्जावर उत्तर आले की चेहरा मागच्या पडद्यापासून वेगळा ओळखू येत नाही, दुसरा फोटो पाठवावा.

सुनेने फोन माझ्यापुढे धरला. चष्मा, नाक आणि दोन गाल अधांतरी तरंगत होते. डोके कुठे संपते आणि धोतर कुठे सुरू होते, ते समजत नव्हते. खांदे तर नव्हतेच. धोतराची प्रत मात्र फोटोत उत्तम उतरली होती. त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही.

नेमके त्याच वेळी माझे मित्र, आमच्या दुकानाशेजारचे बांगडीवाले, घरी आले होते. त्यांनी फोन हातात घेतला. "सेठ, फोटो तो अच्छा है. पर तुम किधर हैं?"

"डोळे तपासून घ्या," मी म्हणालो.

"आँखां बराबर हैं जी. तुम्हारा सरच नै दिख रहा."

सून म्हणाली, "अप्पा, आमच्या यांचा निळा शर्ट घाला ना. पाच मिनिटांचं काम आहे."

"मुळीच नाही. परवानगी माणूस बघून द्यायची का शर्ट बघून?"

"माणूस दिसंना म्हणूनच तर परत आलंय की!" पत्नी आतून म्हणाली.

"मग त्यांना कळव, नीट बघा म्हणावं."

"साकु!" ती अक्कलकोटकडची, संतापली की 'पुरे' हे कन्नडमध्ये म्हणते आणि पुढचे सगळे मराठीत. "पोरगी तिकडं वाट बघायलीय आणि तुमी हितं सदऱ्याचा मान सांभाळायलाय. ऱ्हावा घरी. मी एकटी जाते."

"एकटी? विमानतळावर कुठे उभं राहायचं ते तरी कळतं का तुला?"

"इचारीन की. तोंड हाय मला."

त्या तोंडाविषयी मला कधीच शंका नव्हती. पण ती नुसती बोलून थांबली नाही. भरलेल्या बॅगेतून तिने माझे सदरे बाहेर काढायला सुरुवात केली आणि रिकाम्या जागेत अळिवाचे लाडू, शेंगाचटणीच्या पुड्या बसवू लागली. माझी बाजू हळूहळू भरत गेली. ही खरोखरच जाणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले. तिच्यावाचून या घरात मी काय केले असते, हा मुद्दा प्रस्तुत लेखाच्या कक्षेत येत नाही.

मी सांगितले, ती तांबडी शाल काढ. ती शाल व्यापाऱ्यांनी माझ्या सत्कारात मला दिलेली आहे. शाल हा पोशाख नव्हे, तो मान आहे; त्याने दंडक मोडत नाही. पत्नी म्हणते की मी काही मागितले नव्हते, तिनेच ती माझ्या अंगावर फेकली. फेकली हे खरे, पण मागितल्यावर फेकली. शिवाय थंडीत ती पांघरते म्हणून शाल तिची होत नाही.

"अब दिखे!" बांगडीवाले म्हणाले. "भाभी की शाल में दूल्हा दिख रे!"

पेठेतल्या कथेचा उगम हा. परवानगी यथावकाश आली. माझे सदरे पुन्हा बॅगेत गेले, पण निम्मेच. लाडवांनी जागा सोडली नाही.

नैरोबीच्या विमानतळाबाहेर लेक जावयाचा हात धरून उभी होती, चांगलीच अवघडलेली. आम्हाला पाहताच ओरडली, "अव्वा! अप्पांना आणलंस होय!"

"आणलं बाई," पत्नी म्हणाली, "लई जड गेलं."

अशा अवस्थेतल्या लेकीशी वाद घालत नसतात. मायलेकी एकमेकींच्या गळ्यात पडून पुढे निघाल्या. सामानाची गाडी मीच ढकलत होतो. कोणी कोणाला आणले, ते वाचकांनी यावरून ठरवावे.