माझ्या बारीची केबल

उदगीरच्या बाजारात इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन मी म्हणलं, ‘केबल द्या.’ दुकानदारानं मान वर न करता चार्जरच्या वायरींचा जुडगा पुढं सरकवला. ‘कोणत्या मोबाईलची, ताई?’

‘मोबाईलची न्हाई.’

‘मग टीव्हीची? ती आता कोण घेतंय? डिश लावा की.’

‘टीव्हीचीबी न्हाई. मोटारीची. पाणबुडी मोटारीची, तीन कोअरची, चपटी.’

आता त्यानं मान वर केली आणि माझ्या मागं कोणी पुरुषमाणूस उभा आहे का, ते बघितलं. कोणी नव्हतं. ‘मालकांना पाठवा, ताई. मोटार केवढी, विहीर किती खोल, हे त्यांना ठाऊक असंल.’

माझं टाळकंच सरकलं. म्हणलं, ‘मोटार पाच एचपीची. मोटार माझी, विहिरीत वाटा माझा. मालक टमटम चालवतेत. त्यांना क्लचची केबल कळती, ही मला कळती. कापा.’ मग मुकाट्यानं कापली त्यानं.

लहानपणी आमच्या गावात केबल म्हणजे एकच, टीव्हीची. काळी वायर शेजाऱ्याच्या पत्र्यावरून लिंबाच्या झाडावर आणि तिथून आमच्या घरात यायची. वारं सुटलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग झाडावर चढून वायर हलवायचं काम माझ्याकडं, कारण भाऊ लहान, पडला तर? मी पडले असते तर बहुतेक चाललं असतं. सासरी आल्यावर टमटमची क्लच केबल कळली, जी नेमकी लग्नसराईतच तुटते. आता लेकीची चार्जिंगची केबल आहे, तिच्यावरून घरात रोज महाभारत. वाया गेलेली कुठलीही केबल असो, आम्ही टाकत नाही. एकीवर कपडे वाळतात, एकीनं म्हशीच्या गोठ्याचं दार बांधलंय. पण सख्ख्या भावासमोर मला उभं केलं ते मोटारीच्या केबलनं.

झालं असं की बाप गेला. आमच्याकडं रीत आहे. बाप गेला की भाऊ गाडी करून बहिणीला तालुक्याला नेतो, हक्कसोडाच्या कागदावर तिची सही घेतो, हॉटेलात जेवू घालतो, वर साडीचोळी करतो. बहीण डोळे पुसत सासरी जाते आणि बापाच्या जमिनीशी तिचा संबंध संपतो. गाव म्हणतं, काय गुणाची लेक! मला नव्हतं गुणाचं व्हायचं.

तेराव्याला मी माहेरी गेले होते. भाऊ आला. ‘आक्का, चल, गाडी आणलीय.’

‘गाडी माघारी ने,’ मी म्हणलं. ‘मला माझा वाटा पायजे.’

माय त्याच्याच घरी राहते. तिनं डोळ्याला पदर लावला. ‘सही करून टाक गं बाई. माहेर तुटंल तुझं.’

‘सहीवर टिकलेलं माहेर किती दिवस टिकंल, माय?’ असं मी म्हणाले खरी, पण त्या दिवशी टमटममध्ये बसून सासरी येईपर्यंत रडले.

तहसीलीत खेटे घातले, तवा वाटा मिळाला. विहीर सामाईक राहिली. मंगळवारी आणि शुक्रवारी पाण्याची बारी माझी, बाकीचे दिवस भावाचे. मी विहिरीत माझी मोटार सोडली, हरभरा पेरला. गाव टपून बसलं होतं. हरभरा वाळला की बाई थकणार आणि गपगुमान सही करणार, असा सगळ्यांचा हिशेब. म्हणजे मला कसंही करून पाणी द्यायचंच होतं. पहिल्याच बारीला गेले तर स्टार्टर आणि विहिरीच्या मधी केबल तुटलेली. भाऊ धुऱ्यावर, आमच्या दोघांच्या मधल्या बांधावर उभा. ‘उंदरानं खाल्ली असंल, आक्का.’

‘उंदराला कोयता कोणी दिला रे?’

गावातला वायरमन यायला तयार होईना. भावकीच्या भांडणात कोण हात घालतंय? मग मीच फ्यूज काढला, तिन्ही तारा सोलल्या, पीळ दिला, वर पट्टी गुंडाळली. बटन दाबलं तर पाणी लेकरू मुतल्यासारखं. भाऊ पोट धरून हसला. मी लालला पिवळी जोडली होती आणि मोटार उलटी फिरत होती. पुन्हा फ्यूज काढला, लालला लाल जोडली. पाइपातून असा धबका आला की त्याचं हसणं जागीच थांबलं. हाव, मलाबी बरं वाटलं. का वाटू नये?

त्यानंतर तो तोडायचा, मी जोडायची. जोडून जोडून केबल सगळी ठिगळाची झाली, म्हणून नवी आणायला उदगीर गाठलं होतं.

शुक्रवारी ती नवी केबल मी सामाईक धुऱ्यावरून टाकली. भाऊ दिवसाढवळ्या आला आणि सगळ्यांदेखत तिला हात घातला. ‘माझ्या धुऱ्यावरून जाती ही. उचलून फेकून देतो.’

‘फेकून तर बघ,’ मी म्हणलं.

तेवढ्यात माय आली. वाटलं, आता ही पुन्हा सहीचं काढणार. पण ती धुऱ्यावर आली आणि त्या केबलवर फतकल मारून बसली.

‘माय, ऊठ,’ भाऊ म्हणाला.

‘उठत न्हाई. वड तुला वडायची तर.’

‘तूच तिला म्हणली होतीस ना, सही करून टाक म्हणून?’

‘म्हणले होते. मीबी दिला होता अंगठा माझ्या भावाला. एक लुगडं दिलं त्यानं. आता तिथं गेले तर भावजय दारातनं इचारती, कधी जाणार?’

भावाच्या हातातली केबल सुटली. तो खाली बघत निघून गेला. मी बटन दाबलं, पाणी सऱ्यांमधून धावायला लागलं. माय धुऱ्यावरनं उठली, माझ्या हरभऱ्यात गेली आणि बांधाच्या कडेला पाय पसरून बसली. ऊन उतरलं तरी उठेना. मी म्हणलं, ‘माय, चल. घरी वाट बघत असतील.’

‘बसू दे गं,’ ती म्हणाली. ‘बापाच्या रानात राबले, नवऱ्याच्या रानात राबले, पोराच्या रानात राबले. नुसतं बसले ते आजच.’